सतरा नंबरचा फॉर्म

श्रावणातली दुपार, बाहेर भुरभुर पाऊस, आणि माझ्या लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना दोन बायका. डावीकडे वहिनी. गावातल्या अंगणवाडीत मदतनीस, वय चव्वेचाळीस, शिक्षण सातवी. उजवीकडे त्यांच्या धाकट्या नणंद, म्हणजे वन्सं. लग्न गावातच झालेलं, मसाल्याचा कारखाना चालवतात. कारखाना हा त्यांचा शब्द. पत्र्याची शेड, मिरची कांडपाची दोन यंत्रं, सहा बायका, आणि आत पाऊल टाकलं की पहिली शिंक.

वहिनींना दहावीला 'बाहेरून' बसायचं होतं. मंडळाच्या कागदावर याला खासगी विद्यार्थी म्हणतात, आणि त्याचा नमुना क्रमांक 17. लोकांच्या तोंडी नुसता 'सतरा नंबर'. फॉर्म आता ऑनलाइन भरायचा असतो, म्हणून माझी गरज. परळच्या एका रात्रशाळेत बारा वर्षं गणित शिकवून मी गावी परतलो, तेव्हापासून असले फॉर्म माझ्याच गळ्यात. वहिनी फॉर्म भरायला आल्या होत्या. वन्सं तो भरू नये हे सांगायला.

"सर, तुम्हीच सांगा ह्यांना. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत, आणि आता दहावीची पायरी चढायची म्हणतात."

वहिनींनी उत्तर न देता पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. 1994 सालचा, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. सतरा नंबरला मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि वर प्रतिज्ञापत्र. पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण, एवढ्या शिदोरीवर दहावीला बसता येतं, आणि वयाला वरून मर्यादा नाही.

पहिलाच रकाना नावाचा. दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. फॉर्मात दाखल्याप्रमाणे घालायचं असतं.

"म्हणजे खर्च दादाचा आणि प्रमाणपत्रावर नाव तुमच्या वडलांचं," वन्सं म्हणाल्या.

"खर्च माझ्या मानधनातला आहे, वन्सं. आणि सातवीपर्यंत शिकवलं वडलांनीच. त्यांचं नाव लागलं तर बरंच की."

"मग आठवीत का नाही घातलं त्यांनी?"

"सातवीपर्यंतची शाळा गावात होती. हायस्कूल ओढ्यापलीकडं."

याच्यावर कुणी काही बोललं नाही. आमच्या भागात त्या वयाच्या बायकांना ओढ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

"आईचं नाव?" मी पुढचा रकाना वाचला. वहिनींनी सांगितलं. वन्संनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चोवीस वर्षं एका घरात वावरून ते नाव त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. घरात त्या बाईंना सगळे आक्का म्हणत.

"बरं, झालात पास," वन्संनी मूळ मुद्दा धरला. "पुढं काय? मानधन वाढणार?"

"लगेच कुठलं वाढतंय? मी लागले तेव्हा सातवीवर घ्यायचे. आता नव्या भरतीत मदतनीस व्हायलासुद्धा बारावी मागतात. आमच्या सेविका बाई चार वर्षांत निवृत्त होतील. त्यांच्या जागेचं नाव काढायचं तर आधी दहावी, मग बारावी."

"त्यांच्या जागेचं काम आत्ता कोण करतंय? पोरांची वजनं तुम्ही करता, उंची तुम्ही मापता. दंडाला ती रंगीत पट्टी लावून पोर सॅममध्ये गेलं की मॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित की मध्यम, हे बाईंच्या आधी तुम्हाला कळतं. बाईंना दिसत नाही म्हणून मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर भरता तोही तुम्हीच. ह्यात पायथागोरस कुठं आला?"

"काम माझं हो, पण सही बाईंची."

"मग सही मागा. दहावी कशाला मागता?"

हा प्रश्न वन्संनी सहज टाकला, पण तो जड आहे. एखादी बाई पंधरा वर्षं एक काम नीट करते, ते काम तिला येतं की नाही हे पाहायची कुणाची तयारी नाही. तिला भूमिती येते का, ते मात्र पाहायचं. अमेरिकेत अर्धवट शाळा सोडलेल्यांसाठी जीईडी नावाची परीक्षा आहे. 1942 साली ती सुरू झाली ती शिक्षण अपुरं ठेवून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी. 1993 मध्ये स्टीफन कॅमेरन आणि जेम्स हेकमन या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा ही परीक्षा पास झालेल्यांची कमाई शाळा पूर्ण केलेल्यांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्याच जवळ निघाली. हेकमन यांना पुढे नोबेल मिळालं. वन्संनी तेच सांगितलं, पण कांडपाच्या शेडमधून बोलल्यामुळे त्याला भांडण म्हणायचं.

तरी मला तो मुद्दा इथे पुरता पटत नाही. आपल्याकडे बऱ्याच खिडक्यांवर दहावी कमीजास्त मोजत नाहीत, आहे की नाही एवढंच विचारतात. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडला हवी, शिपायाच्या भरतीला हवी. पासपोर्टसुद्धा घ्या. दहावी नसेल आणि दुसरी कुठली सूट लागू होत नसेल, तर पासपोर्ट 'ईसीआर' प्रकारचा निघतो, आणि ओमान, कुवेत, सौदी अशा अठरा देशांत नोकरीला जायला आधी सरकारी परवानगी काढावी लागते.

"माझ्या भावाला मस्कतला जाताना तेच झालं," वहिनी म्हणाल्या. "गाडी सफाईनं चालवतो, पण महिना गेला त्या कागदात."

"तुम्ही चाललाय का मस्कतला?"

तिघंही हसलो. चहा झाला. फोटो अपलोड होईना, म्हणून मी तो लहान करत बसलो. तेवढ्यात वन्संनी टेबलावरचं बालभारतीचं दहावीचं बीजगणित ओढलं. चेष्टा करायलाच ओढलं होतं.

"हे बघा. वर्गसमीकरण. आजवर मला एक गिऱ्हाईक आलं नाही, की बाई, अर्धा किलो वर्गसमीकरण द्या." पानं पुढे गेली आणि एका जागी थांबली. चौथं प्रकरण, अर्थनियोजन. त्यात जीएसटी आहे. कर बीजक कसं वाचायचं, केंद्राचा कर किती, राज्याचा किती, आधी भरलेल्या कराची वजावट कशी घ्यायची. वन्संनी चष्मा लावला. एक उदाहरण वाचलं, ओठ हलले, बोटाच्या पेरांवर काहीतरी झालं, आणि त्यांनी उत्तर सांगितलं. मागे पाहिलं तर बरोबर.

"मी पाकिटांवर अठरा टक्के देते आणि मसाल्यावर पाच टक्के घेते. मला काय शिकवतंय हे पुस्तक?" पण पुस्तक त्यांनी मिटलं नाही. "आमच्या वेळी हे नव्हतं. आमच्या वेळी नुसतं 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता'. मी गणितात चार मार्कांनी गेले, सर. 2000 साली. म्हणून मला सतरा नंबर लागतच नाही. तो न बसलेल्यांना. आम्ही बसून पडलेले, आमचा फॉर्म निराळा. आमचा मान निराळा."

"परत का नाही बसलात, वन्सं?" वहिनींनी विचारलं.

"परत बसायला लग्नाची तारीख आडवी आली. आणि आता बघा, माझं काय अडलंय? बँक कर्ज देते, दुकानदार उधारी थकवत नाहीत, म्हणजे मला व्यवहार कळतो. वहिनी, मी खरंच सांगते, एवढे सात महिने तुम्ही माझ्याकडं द्या. मोबाइलवर हिशेब कसा ठेवायचा, पाकिटावर काय छापावं लागतं, सगळं शिकवते. ते तुमच्या उपयोगाचं."

"ते शिकायचंच आहे. पण ते शिकले हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? तुमच्या शेडबाहेर त्याची पावती नाही."

"पावतीसाठी शिकायचं?"

"तुम्हीसुद्धा पाकिटावर परवान्याचा नंबर छापता की. मसाला त्याच्याशिवाय पण तिखट असतो."

वन्संना हे लागलं असावं, कारण त्यांनी बाजू बदलली आणि बाहेरून बसणाऱ्यांच्या बदलौकिकावर आल्या. यात त्यांचं चुकत नव्हतं. तालुक्याच्या गावात एक क्लासवाला आहे. फॉर्मच्या फीच्या दसपट घेतो आणि म्हणतो, तुम्ही फक्त हॉल तिकीट घेऊन या, बाकी आमच्याकडं. बाकी म्हणजे काय, ते त्यालाही सांगावं लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही विचारावं लागत नाही. वहिनी त्याच्याकडे जाऊन आल्या होत्या.

"मी त्याला विचारलं, शिकवणार कधी? तर तो माझ्याकडं बघत बसला," वहिनी म्हणाल्या. "म्हणून सरांकडं आले."

इथे मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, दुसराही एक रस्ता आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, ज्याला एनआयओएस म्हणतात. 1979 मध्ये केंद्रीय मंडळाचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालं, 1989 मध्ये स्वतंत्र संस्था झाली. दहावीला पाचच विषय. एकदा नाव घातलं की पाच वर्षं आणि परीक्षेच्या नऊ संधी. एका वेळी एक विषय द्या, दोन द्या, पास झालेला विषय जमा राहतो. मराठीतून देता येते, आणि प्रमाणपत्र आपल्या मंडळाच्या बरोबरीचं.

"हप्त्यानं मिळतंय तर रोखीनं कशाला घेता?" वन्सं लगेच म्हणाल्या.

"आपलं मंडळही हप्ता देतं," मी म्हटलं. "फक्त आधी नापास करून. सुटलेल्या विषयांची सूट मिळते, राहिलेले परत द्यायचे. मुक्त विद्यालय पहिल्या दिवसापासून हप्ता देतं, एवढाच फरक. शिवाय विषय आपण निवडायचे. भाषा हवी, बाकी गृहविज्ञान घ्या, सामाजिक शास्त्र घ्या. गणित घेतलंच पाहिजे असं नाही."

वन्संनी पुस्तक खाली ठेवलं.

"गणिताशिवाय दहावी होते? सरकारी?"

"होते."

"तेव्हाही होत होती? 2000 साली?"

"होत होती."

बराच वेळ पत्र्यावरच्या पावसाचाच आवाज होता. मग त्या म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलं नाही." आवाज चढलेला नव्हता. मी बारा वर्षं गणिताचा मास्तर होतो. दर जूनमध्ये निकालाच्या याद्या भिंतीवर लावल्या, गणितात अडकलेली पोरं-माणसं मोजली, आणि त्यांतल्या एकालाही मी ही वाट सांगितली नाही. माझा विषय टाळून कुणी पास व्हावं, हे मला मनातून नको होतं. ते त्या दुपारी मला स्वतःशी कबूल करावं लागलं.

गंमत म्हणजे, ज्यांना हे सगळं ऐकवायचं त्या वहिनी ढिम्म.

"मला गणित घेऊनच करायचीय. आणि आपल्याच मंडळाची."

"का पण?" आता वन्सं खरोखर चिडल्या. "सोपं समोर आहे तर अवघड का?"

"उद्या कुणी म्हणायला नको, की हिची दहावी वेगळी. इथं गावात मला दहा जणांना समजावत बसावं लागेल, हे मुक्त म्हणजे काय. बोर्डाची म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही."

मला वाटतं वहिनींची निवड चुकली, आणि मी तसं सांगितलंही. नोकरी, संसार आणि गुडघे सांभाळून सगळे विषय एकाच मार्चमध्ये द्यायचे, तेही चव्वेचाळिसाव्या वर्षी. सुट्या विषयांची परीक्षा त्यांच्यासाठीच काढली आहे. पण गावात कुठला कागद चालतो, हे मला परळहून येऊन कळलेलं नाही, त्यांना कळलंय.

"आणि बसणार कुठं?" वन्संचा शेवटचा बाण. "त्याच बाकांवर ना, पंधरा वर्षांच्या पोरांत? ज्यांना तुम्ही अंगणवाडीत खिचडी भरवली, शेंबूड पुसला, ती बघतील तुम्हाला."

"बघू देत. त्यांनी माझी खिचडी खाल्लीय, हसायला तोंड कुठंय त्यांना?" मग जरा थांबून, "भीती वाटते, वन्सं. नाही असं नाही. पण अंगणवाडीत दर 3 जानेवारीला आम्ही सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो आणि मीच पोरांना सांगते, शिका. चौदा-पंधरा वर्षं सांगतेय. एखादं पोर विचारील, मावशी, तुम्ही किती शिकलात?"

जोतिरावांनी 1855 मध्ये पुण्यात आपल्या घरीच रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी. गिरणगावातल्या रात्रशाळा त्याच चालीवर उभ्या राहिल्या. साडेसहाला घंटा. मुलं येत ती खानावळीतून, भाजीच्या गाळ्यावरून, कुरियरच्या ऑफिसातून. पहिल्या तासाला निम्मी पेंगत. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक हमाल बसायचे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, तरी मी आत आलो की उभे राहायचे. मला लाज वाटायची, त्यांना सांगितलं तरी ऐकायचे नाहीत. समीकरण सोडवताना पेन्सिल मुठीत धरत, आकडा कागदात रुतायचा, मागच्या पानावरही उमटायचा. डिसेंबरात त्यांची पाळी बदलली आणि ते यायचे बंद झाले. परीक्षेला बसले नाहीत. असे बरेच. रात्रशाळेचं गुणगान करणारे लोक निकालाच्या दिवशीचे फोटो दाखवतात. डिसेंबरातल्या रिकाम्या बाकांचे फोटो कुणी काढत नाही.

तरी तिथे बाक होता, फळा होता, आणि न समजलेलं विचारायला समोर माणूस होतं. बाहेरून बसणाऱ्याला तेही नाही. मंडळ फॉर्म घेतं, फी घेतं, परीक्षा घेतं, प्रमाणपत्र देतं. या बाईला शिकवायचं कुणी, हा रकाना फॉर्मात नाही. तोंडी आणि प्रकल्पाच्या मार्कांसाठी एक संपर्क केंद्र असतं, जवळचं एखादं हायस्कूल. बाकी तुमचं तुम्ही, बालभारतीची पुस्तकं आणि एकवीस अपेक्षित प्रश्नसंच. तालुक्याच्या त्या क्लासवाल्याचं दुकान चालतं ते या रिकाम्या रकान्यावर.

हे मी बोलून दाखवलं, तशा वन्सं म्हणाल्या, "बघा, सरही म्हणतात बिनशाळेची परीक्षा."

"तेच म्हणतेय मी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणता परीक्षा नको. मी म्हणते शाळा पण द्या."

आणि मग, पदराला हात पुसत, वन्सं खरं बोलल्या. "वहिनी, परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चला. माझी मिरची येते फेब्रुवारी-मार्चला. अंगणवाडी सुटल्यावर तुम्ही माझ्याकडं येता, म्हणून माझा सीझन निघतो. भाजणी तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही."

तासभर चाललेल्या वादात हे एक वाक्य बाकी होतं. पायथागोरसच्या मागे भाजणी होती. आणि मी वन्संना दोष देणार नाही. घरच्या बाईच्या बिनपगारी चार तासांवर अनेक कारखाने, शेतं आणि संसार चालतात, त्यांनी निदान तोंडानं कबूल तरी केलं.

"मग पगार लावा," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आणि पेपरच्या दिवशी येणार नाही."

"पेपर असेल त्या दिवशी नका येऊ. पेपर दुपारी सुटला तर चारला या."

"आदल्या दिवशीही नाही."

"ते बघू."

ते बघूच राहिलं. पगाराचंही.

संपर्क केंद्राच्या यादीत ओढ्यापलीकडचं तेच हायस्कूल निघालं. ओढ्यावर आता पूल आहे. वहिनींनी ते निवडलं, मी फी भरली, पावतीची प्रिंट काढली. त्यांनी ती दाखल्याच्या पिशवीत ठेवली आणि दोघी एका छत्रीतून गेल्या. जाताना भाजणीला धणे किती, यावर बोलत होत्या. बीजगणिताचं पुस्तक मात्र माझ्या टेबलावर नव्हतं. कोणी नेलं, मी विचारलं नाही.

गणित मी शिकवतो आहे, माझ्या ओसरीवर, आठवड्यातून तीन दिवस. इंग्रजी आणि विज्ञानाला माणूस नाही. ते हायस्कूल संध्याकाळी साडेपाचला कुलूप लावून बंद होतं. तुमच्याही गावातलं होत असणार. शाळा समितीवर तुमच्या ओळखीचं कुणी असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर एवढं करा: ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ दोन खोल्या उघड्या ठेवा, आणि गावात दवंडी द्या की सतरा नंबरवाल्यांनी तिथे बसावं. वीजबिलाचं बघता येईल.